काहिलीतली जागा

मार्फत टपाल चुडावा, जि. परभणी
३० मे १९८८

दादा,

आधी जयभीम, मग भांडण.

आम्ही सुखरूप पोचलो. हे पूर्णेला उतरवून घ्यायला आले होते, गँगमनची ड्यूटी संपवून तसेच, हातात कंदील. सबंध वाटेत तुझी लेक समुद्र एके समुद्र बोलत होती. घरी आल्यावर आईला तिनं विचारलं, आजी, खारं पाणी कुणी केलं? आई म्हणाली, "तुझ्या बापानं. दहा साल झाले घाम गाळायलाय तिथं."

तू मात्र एस.टी. सुटेपर्यंत तोंड उघडलं नाहीस. हातसुद्धा हलवला नाहीस. त्याच्यावर हे पत्र आहे.

सुरंगगडचं ते जहाज संग्रहालय बघायला मी हट्ट केला नव्हता. तूच खाडा करून, इस्त्रीचा सदरा घालून आम्हा दोघींना घेऊन गेलास. दीपगृहाचा दिवा दाखवलास, तोफ दाखवलीस, काचेच्या पेटीतली जहाजं दाखवलीस. कुठल्या जहाजाचं बूड कसं असतं ते तू सांगत होतास आणि चार परकी माणसं थांबून ऐकत होती. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. विशाखा तर तुझं बोट सोडायला तयार नव्हती.

मग शेवटचं दालन आलं, नद्यांवरच्या होड्यांचं. काश्मीरची होडी, केरळातली लांबडी होडी, चामड्याचं टोपलं, आणि कोपऱ्यात दोरीच्या आत काळीकुट्ट, गोल, दोन बाजूंना कड्या असलेली आपली काहील! तू ती माझ्या आधी बघितलीस. तुझी पावलं एकदम झपाझप पडायला लागली, तेव्हाच मी ओळखलं.

मी थांबले. विशाखा म्हणाली, "आत्या, ही तर दत्तराव मालकाची काहील." मी म्हटलं, तसलीच. तिला काहील रोज दिसते, पण तिची सगळी गोष्ट माहीत नव्हती. म्हणून तिथंच, त्या जहाजांच्या गर्दीत, मी तिला सांगितली. थंडीत दत्तराव मालकाच्या गुऱ्हाळावर हिच्यात उसाचा रस आटवून गूळ करतात. पावसाळ्यात नदी भरली की हीच काहील पाण्यात सोडतात आणि सिताराम भोई वल्हं मारत गावाला पल्याड नेतो. पल्याड चुडाव्याची शाळा आहे, बाजार आहे, रेल्वे आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या सालच्या ऑगस्टात गावानं आपल्या बौद्धवाड्याशी बोलणं तोडलं, दुकानातलं तेलमीठ तोडलं आणि काहील तोडली. बाकी सगळं हळूहळू सुरू झालं. काहील झाली नाही. का, तर ते गुळाचं भांडं, आपल्या पायानं बाटतं. मी दहावीत होते, घरी बसले. तुझा बाप कपड्यांचं गाठोडं डोक्याला बांधून पुरात पोहत गेला आणि जाताना काठावरनं ओरडला, की या काहिलीत बसून येईन तेव्हाच गावात पाय ठेवीन. तेव्हापासून वर्षाला एकदा पूर्णेच्या फलाटावर भेटतो. तुझी आई गेली तेव्हाही फलाटावरच रडला.

हे सांगता सांगता मला काय झालं ते मलाच कळलं नाही. दोरी उचलली आणि आत जाऊन बसले. विशाखाला म्हटलं, ये, बस. ती पण आली. लोखंड गार होतं, दादा. एवढंच. मी इतकी वर्षं मनात धरून बसले होते की आत कसं लागत असेल, आणि ते नुसतं गार होतं.

तो खाकीतला रखवालदार, रंगनाथ, धावत आला. "ओ बाई, उतरा आधी!" मी विचारलं, "का? पायानं बाटंल?" तो म्हणाला, "काय?" मी परत विचारलं. तो परत म्हणाला, "काय?" मग म्हणाला, "बूड सडलंय तिचं, पाय जाईल आत." त्याला वस्तूची काळजी होती आणि आमच्या पायांचीही, कापतील म्हणून. माझा प्रश्नच त्याला कळला नाही. मला तिथंच रडू आलं आणि हसूही आलं. तू भिंतीकडं तोंड करून उभा होतास.

असू दे. विशाखा सातवी पास झाली आहे. आठवी चुडाव्यालाच. नदी जुलैत भरेल. ती काहिलीत बसून शाळेला जाणार. मी बसून बघितलंय, काही होत नाही.

तुझी
कस्तुरा


सुरंगगड बंदर
१० जून १९८८

चि. कस्तुरास,

पत्र पोचले. तू लिहितेस लय सोपं. इथं राहतो मी.

त्या दिवशी आमचा मुकादम तिथं पाहुण्यांना घेऊन आला होता, ते तू बघितलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याने विचारलं, काय रे, तुमच्याकडं बायका कढईत बसतात काय? सगळे हसले. दहा वर्षं मी इथं कुणाच्या डोळ्यावर न येता काम केलं. जहाज गोदीत आलं की बुडाचा गंज खरवडायचा, शेंदरी रंगाचे हात द्यायचे, खाली बघून घरी यायचं. तू अर्ध्या तासात मला सगळ्या बंदरात प्रसिद्ध केलंस.

आता कामाचं बोलतो. दत्तरावच्या वाटेला जाऊ नको. त्या सालात काय झालं ते तुला आठवतं, तसं मलाही आठवतं. त्यापेक्षा मी सांगतो ते कर. पूर्णेच्या भंगारात जुन्या काहिली येतात, भुजंगराव दाजींना बघायला सांग. गळकी असली तरी चालेल. मी फलाटापर्यंत येऊन सगळं सामान देतो: खरवडणी, शेंदरी रंग, डांबर. कसं करायचं तेही सांगतो. जहाजाचं बूड पाणी घेत नाही, तर काहिलीचं काय. आपली आपण काहील करू. आपली पोरं आपल्या काहिलीतून जातील. कुणाच्या दारात उभं राहायला नको.

नाहीतर विशाखाला इकडे पाठवून दे. माझी खोली मोठी आहे, शाळा समोर आहे.

आईला काळजी घे म्हणावं.

तुझा
लिंबाजी


मार्फत चुडावा
२४ जून १९८८

दादा,

मुकादमाला सांगायचं होतंस, आमच्याकडं बायका कढईत बसत नाहीत, बसू देत नाहीत, म्हणून इतक्या लांब येऊन बसावं लागतं.

पण तुझी सूचना मला पटली होती, खरंच. वाड्यात सांगितली तर सगळे खूश. कडूबाई म्हणाली, तिची पोर पण येईल शाळेला. आई म्हणाली, "लिंबाजीला अक्कल हाय, तुझ्यासारखी आग न्हाई." ह्यांनी पूर्णेला जाऊन एक काहील हेरूनही ठेवली, एका बाजूची कडी तुटलेली.

मग परवा नदीवर दत्तराव मालक भेटला. त्याच्या कानावर गेलंच होतं. हसत पुढं आला. दहा वर्षांत तो माझ्याकडं बघून हसलेला मला आठवत नाही. म्हणाला, "घ्या की वेगळी. लय चांगलं करायलाव. भंगारातली कशाला घेता? माझी जुनी पडलीया गुऱ्हाळावर, फुकट न्या. सितारामला सांगतो आणून द्यायला."

दादा, त्याला इतका आनंद झाला ना, तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या गोष्टीनं दत्तराव इतका खूश होतो ती गोष्ट आपल्या फायद्याची असेलच कशी? वेगळी काहील म्हणजे वेगळा पाणवठा. बाबासाहेबांनी एवढी उन्हं झेलली ती आपल्याला वेगळा पाणवठा मिळावा म्हणून नव्हे. आणि काहील त्याची असली तरी नदीचा ठेका सरकारी आहे. पावसाळ्यात गावाला उतरवायचे पैसे त्याला मिळतात, त्या गावात आपला वाडा येतो.

मी म्हटलं, "मालक, फुकट नको. आमाला हीच पायजे. हिच्यातच बसतो."

त्याचं हसू गेलं. "बाई, गुळाचं भांडं हाय ते."

मी म्हटलं, "भांडं हाय का होडी, एक काय ते ठरवा. भांडं असंल तर कुणीच पाय घालू नका. होडी असंल तर आमीबी बसतो. मी समुद्राच्या गावाला जाऊन आलेय. तिथं ही काहील जहाजांच्या रांगेत ठेवलीया, भांड्यांच्या न्हाई."

तो म्हणाला, "लय शिकलीस."

मी म्हटलं, "न्हाई ना. दहावीत राहिले. तुमच्या काहिलीपायी."

घरी आल्यावर आईनं मला चांगलंच झापलं. मग रात्री भाकरी वाढताना म्हणाली, त्यानं तोंड कसं केलं ते परत सांग.

विशाखाला तुझ्याकडं पाठवत नाही. तिचं नाव चुडाव्याच्या शाळेत घातलंय. अजून पाणी घोट्याएवढं आहे, पोरी चालत जातात. तू फक्त एवढं कर, आम्हाला भिववू नकोस.

कस्तुरा


सुरंगगड बंदर
५ जुलै १९८८

कस्तुरा,

मी तुला भिववत नाही. मी भितो.

विशाखाला पाठव असं पुन्हा म्हणणार नाही. खरं सांगतो, खोली नाही. तुम्हाला त्या दिवशी घेऊन गेलो ती खोली एका ओळखीच्या ट्रकवाल्याची, दोन दिवसांपुरती मागून घेतली होती. तू चहाचे डबे शोधत होतीस आणि ते कुठं आहेत ते मलाच माहीत नव्हतं. मी गोदीत रंगाच्या गोदामात झोपतो. सुरुवातीला खोल्या बघितल्या. गाव विचारतात, मग आडनाव विचारतात, मग म्हणतात, कालच दिली. इथं कुणी काहिलीतून उतरवत नाही हे खरं आहे, पण दारातून आत घेत नाहीत. रंगनाथला तुझा प्रश्न कळला नाही, बरं वाटलं वाचून. घरमालकांना तो न विचारताच कळतो.

म्हणून म्हणतो, लढून कुठं जायचं? इकडं आलो तरी तेच. आपली वेगळी काहील घे आणि पोरीला शाळेत जाऊ दे. तिची आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं. पोर पाण्यात गेली तर मी काय करू? मला इथून तिथपर्यंत पोहत येता येणार नाही.

पाणी भरायच्या आत उत्तर दे.

लिंबाजी


मार्फत चुडावा
२२ जुलै १९८८

दादा,

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण पाणी आधी आलं.

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं नाही, फक्त आईला. ती मग म्हणाली, "दोन्हीकडं त्येच असंल तर मग आपल्या नदीवरच भांडलेलं बरं. निदान रस्ता तरी ठावं हाय." तेव्हापासून आई माझ्या बाजूनं आहे.

गेल्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी नदी भरून आली. गढूळ, काठोकाठ. मी विशाखाला, कडूबाईच्या पोरीला आणि तिच्या मैत्रिणीला घेऊन सगळ्यांच्या आधी काठावर गेले. काहील वाळूत टेकवून ठेवली होती. चौघी आत जाऊन बसलो. चपला घालूनच. पाटी-दप्तर मांडीवर.

सिताराम आला आणि त्यानं वल्हं खाली ठेवलं. "ताई, मालकाला इचारल्याबिगर मी काहील सोडू शकत न्हाई. तुमी उतरा असं मी म्हणायलो न्हाई बरं का. मी नुसता उभा राहतो." आणि तो खरंच नुसता उभा राहिला. मला त्याचा राग नाही. त्याला त्याच मालकाची चाकरी करायची आहे.

हळूहळू काठावर गर्दी जमली. दुधाच्या कॅना, शेळ्या, बाजाराच्या पिशव्या. कुणी म्हणालं उतरा, कुणी म्हणालं दगड घाला, कुणी नुसतं बघत राहिलं. एक दगड आलाही, काहिलीला लागून घंटेसारखा वाजला. पोरी मला बिलगल्या. मी त्यांना म्हटलं, संग्रहालयात बसतो तसं बसायचं, फक्त तिथं तिकीट लागतं.

मग दत्तराव मालक छत्री घेऊन आला. "उतर."

"न्हाई."

"कस्तुरा, उद्या माझा गूळ कोण घेईल? सोवळ्याचा म्हणून जातो तो पूर्णेच्या बाजारात."

दादा, हे तो म्हणाला नसता तर मला सुचलंच नसतं. मी उभी राहिले, काहील डुगडुगली, आणि काठावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलले, "बरं झालं सांगितलंत. मग पूर्णेच्या लोकांना हेबी सांगायला पायजे, की पावसाळाभर ह्या काहिलीत शेरडं हगतात, आबासाहेबाचं रेडकू ह्याच्यातनंच आलं, आन शेणाचे पाय तर समद्या गावाचे. माझा माणूस रोज पूर्णेलाच असतो. एकेका गिऱ्हाइकाला गाठून सांगंल तो. शेरडानं गूळ बाटत न्हाई आन पोरीनं बाटतो, हे त्यांनाच ठरवू द्या."

कुणीतरी मागं हसलं. मग आणखी कुणीतरी. दत्तराव मालक छत्री उघडी ठेवायची की मिटायची हेच विसरला.

शेवटी त्याचीच चुलती, सरजाबाई, पिशवी घेऊन पुढं आली. "दत्त्या, पाणी वाढायलंय. काय गूळ गूळ लावलायस? बाजार उठंल." आणि काहिलीत चढली. आमच्याकडं न बघता, पदर आवरून, अंग चोरून, जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसली. गोल काहिलीत माणूस किती लांब बसणार? ती बसली तसे बाकीचेही चढले. सितारामनं मालकाकडं बघितलं. मालकानं पाठ फिरवली. सितारामनं काहील लोटली.

मधल्या धारेत काहील गरगर फिरायला लागली. मला माहीत नव्हतं ती अशी फिरते, इतक्या वर्षांत काठावरनंच बघितली होती. मी कडी घट्ट धरली. सरजाबाई किंचाळली आणि तिनं विशाखाचं मनगट धरलं. ते काठ लागेपर्यंत सोडलं नाही. उतरल्यावर तिनं हात पदराला पुसला. पुसू दे. पोर शाळेत गेली.

संध्याकाळी त्याच काहिलीतून परत आलो. दुसऱ्या दिवशी दत्तरावनं आईला निरोप पाठवला, बायनाबाईला म्हणावं शेतात निंदणीला येऊ नको. आई म्हणाली, "सांग त्याला, बायनाबाईच्या गुडघ्याला लय दिसानं आराम मिळाला." गावात आमच्याशी बरेच जण पुन्हा बोलत नाहीत. ह्यांना पूर्णेहून येताना एकटं येऊ नका म्हणून सांगितलंय. हे सगळं मी तुझ्यापासून लपवत नाही. भीती मलाही वाटते. पण रोज सकाळी तिघी पोरी काहिलीत बसतात आणि मी त्यांच्यासोबत पल्याड जाऊन परत येते. सोमवारपासून आणखी दोघी येणार आहेत. विशाखानं ठरवलंय, आठवी झाली की दहावी, दहावी झाली की विद्यापीठ. मी म्हटलं, अगं त्याचं नाव अजून बदललेलं नाही. ती म्हणाली, मी जाईपर्यंत बदलंल, न्हाई तर जाऊन बदलू.

तुझी खरवडणी आणि रंग आण मात्र. दत्तरावच्या काहिलीचं बूड एका जागी पातळ झालंय, पाणी येतं. आता ती आपलीही आहे, म्हणून सांगते.

कस्तुरा


सुरंगगड बंदर
२८ ऑगस्ट १९८८

कस्तुरा,

तुझं पत्र मी गोदामात वाचलं, मग बाहेर पायरीवर बसून वाचलं, मग मुकादमाला वाचून दाखवलं. हो, मुकादमालाच. त्यानं मला परत कढई म्हणून हाक मारली तेव्हा मी म्हटलं, थांबा, ह्या कढईची पुढची गोष्ट ऐका. सगळी ऐकवली. दगडाच्या जागी तो हसला नाही. उद्या परत हसेल कदाचित. हसू दे, मला आता त्याचं काही वाटत नाही. माझं गाव, माझा वाडा, माझी बहीण, सगळं मी माझ्या तोंडानं सांगितलं. दहा वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्याच रविवारी संग्रहालयात गेलो. रंगनाथला म्हटलं, त्या दिवशी काहिलीत बसली ती माझी बहीण. तो म्हणाला, हो, ती काहीतरी विचारत होती, मला कळलं नव्हतं. मी त्याला प्रश्न समजावून सांगितला. तो बिचारा खाली बघायला लागला. मग म्हणाला, हिचं बूड असंच राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात ही फेकून देतील. मी म्हटलं, मी करून देतो. त्यानं वर विचारून परवानगी आणली. दोन रविवार मी ती काहील उलटी करून खरवडली. खालून चांगलं लोखंड निघालं. शेंदरी रंग दिला, वर डांबर दिलं. सुलटी केली आणि वाळल्यावर रंगनाथला म्हटलं, आता पाय जाणार नाही, बघ. आणि बसलो.

तू लिहिलं होतंस, नुसती गार असते. मला गार नाही लागली. ऊन होतं तिच्यावर.

मी चिडलो होतो त्या दिवशी, तू आत बसलीस म्हणून नव्हे. दोरीच्या बाहेर मी उभा होतो म्हणून.

दसऱ्याच्या आधी रजा टाकली आहे. नदी तेव्हा अजून भरलेली असेल. पूर्णेच्या फलाटावर कुणी येऊ नका, मी तिथं उतरणारच नाही. सरळ चुडाव्याला उतरेन आणि नदीवर येईन. सामान बरोबर आहे, जड आहे. सितारामला सांगून ठेव, एक माणूस आणि एक रंगाचा डबा पल्याडनं आणायचा आहे. आणि विशाखाला काठावर नुसती उभी करू नको. काहील गरगरली तर मनगट धरायला कुणीतरी लागेल, म्हणून तिला म्हणावं, अल्याड थांबू नकोस. काहिलीतच ये घ्यायला.

तुझा
लिंबाजी